दसरू अन् सायबाची धून

झाडीपट्टीत नाटक पाहत मोठा झालेला कोनताही मानूस पकडा अन् त्याले इचारा, विनोदी पात्र स्टेजवर येते तवा ऑर्गनवर ते जे टुनटुन करत पळते, ते काय होय? तो सांगन, सायबाची धून. मूलपासून वडश्यापर्यंत, अन् तिकडे कुरखेड्याच्या जंगलातल्या गावापर्यंत सगळ्याईले माहीत आहे. पोट्ट्याईले आपल्या पनज्याचं नाव सांगता येत नसन, पन ही धून तोंडानं वाजवून दाखवतेत. ती या मुलखात वाजवली माह्या लहान्या भावानं, दसरूनं. अन् दसरूले ती आनून देल्ली मीनं. म्हून हे सांगाचा हक्क माहा आहे, दुसऱ्या कोनाचा नाई.

मी सातवी शिकलो. त्या काळची सातवी म्हन्जे आताचं बी.ए. समजा. दसरू चौथीतच बसला, कारन त्याचं ध्यान मास्तरच्या फळ्याकडे कवाच नाई राहे, बाहेरच्या आवाजाकडे राहे. पिठाची चक्की सुरू झाली का वर्गातून म्हने, पट्टा ढिला झाला. बैल अंधारातून घरी आले तं कोनाची जोडी आहे हे गळ्यातल्या घाटीवरून सांगे. भजनात बसता बसता पेटी शिकला अन् मिशी फुटाच्या आंधी नाटक मंडळीत ऑर्गनवर बसला. ऑर्गन म्हन्जे पायानं भाता हानाची मोठी पेटी. आमच्याकडच्या नाटकात ऑर्गनवाला नाई तं नाटक नाई. हिरो बिमार पडला तं दुसरा उभा करता येते, ऑर्गनवाला बिमार पडला तं मंडप सोडावा लागते. मी उगाच नाई सांगून राह्यलो. कंपनीचे मालक दसरूले घ्याले आमच्या दारात जीप घेऊन उभे राहत.

मी तवा बल्लारपूरकडे कागदाच्या कारखान्यात होतो. घरायेवढी नवी मशीन बसून राह्यली होती अन् ती बसवाले परदेशातले लोक आले होते. त्याईच्यात स्वीडन देशाचा एक फिटर होता, स्टूरे साहेब. असा उंच का प्रत्येक दारात वाकून घुसे. एवढ्या मोठ्या कारखान्यात हेल्पर म्हून त्यानं मलेच निवडलं. काऊन? तर तो हात पुढं कराच्या आंधी त्याच्या हातात बरोबर नंबरचा पाना राहे. त्याची भाषा मले येत नव्हती, माही त्याले येत नव्हती, तरी मशीन बसली ना? आजही त्या मशीनचा कागद कोनी हातात घेतला तं मी म्हनतो, याच्यात माहा हात आहे.

सायबाजवळ एक लहानसं रेकॉर्ड वाजवाचं यंत्र होतं. आमच्याकडच्या करंटनं पयल्याच हप्त्यात ते जाळून टाकलं. तबकड्या मात्र राहून गेल्या. संध्याकाळी काम सुटलं का तो व्हरांड्यात बसे, कागदाच्या खोळीतून एक लहानशी काळी तबकडी काढे, दोन तळव्याच्या मधात धरे अन् हळू हळू फिरवे. वाजवाले काई नाई, नुसतं फिरवनं. मले वाटे, मानसाले घरची याद आली का तो असाच काईतरी हातात धरून बसते. मग त्याले मलेरिया झाला. थंडी वाजून दात वाजत. मी घरून घोंगडं नेऊन त्याच्या अंगावर टाकलं अन् तो बरा होईपर्यंत तिथीच झोपलो. जाताना त्यानं कोनाले चाकू देल्ला, कोनाले कोट देल्ला. मले ती तबकडी देल्ली. आपल्या कानाले हात लावून, मंग माह्या छातीवर बोट ठेवून सांगितलं, का तू ऐक.

मले गान्यातलं काई समजत नाई, हे मी कबूल करतो. पन माह्या घरी समजनारा होता.

मूल गावात गुलाबभाऊचं लाऊडस्पीकरचं दुकान होतं. लग्नात, मंडईच्या जत्रेत, निवडनुकीत त्याचाच भोंगा. त्याच्या मशीनचा चाल, म्हन्जे फिराचा वेग, बदलाचा खटका तुटून गेला होता, ती एकाच चालीनं गरगर फिरे. सिनेमाचे मोठे मोठे तवे येत, ते सगळे त्याच चालीचे, म्हून कोनाचं काई अडत नव्हतं. आमची तबकडी पाहून गुलाबभाऊ हासला.

"लच्छू, हे तं पोळीयेवढंच आहे बे. एवढ्याशात गानं मावन का?"

"साहेब काई येडा नव्हता," मीनं म्हनलं. "लाव."

त्यानं सुई ठेवली. अन् बाप्पा, भोंग्यातून जे निघालं, ते मीनं तं ऐकलं नव्हतंच, पन दसरूनंही ऐकलं नव्हतं. व्हायोलिन होतं. एकटंच. सोबत ना ढोलक ना तबला. बारीक, चपळ, जसं सुगरनीचं पाखरू घरटं विनता विनता फांदीवरून फांदीवर जाते. दसरू बाकड्यावरून उठला अन् भोंग्याजवळ जाऊन उभा राह्यला. संपलं तवा म्हने, "भाऊ, हा मानूस कोनाच्या मागं पळून राह्यला?"

"त्याच्या देशात बर्फ पडते," मीनं म्हनलं. "पळला नाई तं गोठन."

दर बाजाराच्या दिवशी दसरू गुलाबच्या दुकानात जाऊन ती तबकडी ऐके. गुलाब म्हने, "तुह्या भावानं सुई घासून टाकली माही." पन तरी लावून देये, कारन बाजारातले लोक बी थांबत. त्या हिवाळ्यात नवरगावकडे नाटक होतं. विनोदी पात्राची मिशी सापडेना, स्टेज रिकामं पडलं, लोक शिट्ट्या माराले लागले. दसरूनं रिकाम्या स्टेजवर सायबाची धून सोडली. विनोदी पात्र अर्धी मिशी लावून त्याच तालावर पळत आलं अन् लोक असे हासले का बसल्या जागी लोळले. त्या दिवसापासून ती धून विनोदी पात्राचीच झाली. दुसऱ्या कंपन्याईनं उचलली. आज कीबोर्डवर वाजवनारे पोट्टे आहेत, त्याईले ती कुठून आली ते माहीत नाई. मी भेटलो का सांगतो.

पन दसरूचं मन भरे नाई. का? तर ऑर्गनले पट्ट्या आहेत. एक पट्टी दाबली का एक सूर, दुसरी दाबली का दुसरा. तो मानूस व्हायोलिनवर एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाते, अन् मधात कुठीतरी घडीभर थांबते. "भाऊ, त्या दोघाईच्या मधात एक सूर आहे," दसरू मले म्हने. "तो माह्या पेटीत नाई. कोनाच्याच पेटीत नाई. तो फक्त त्या तबकडीत आहे." म्हून तो तिथी जाऊन जाऊन ऐके.

मंग एका वैशाखात, चिचाळ्याच्या लग्नात, गुलाबभाऊनं तबकडी मशीनवरून काढली अन् बैलबंडीच्या पाटीवर ठेवून जेवाले गेला. आमच्या चांद्याचं, म्हन्जे चंद्रपूरकडचं, ऊन तुमाले माहीत आहे. जेवून आला तं तबकडीचा पापड झालेला. चारही बाजूनं वर उठलेला. दसरूनं ती घरी आनली अन् दोन दिवस जात्याच्या पाळूखाली, वरच्या दगडाखाली, दाबून ठेवली, का सरळ होईन. सरळ तं झाली, पन तिच्या पोटात लाटा राहून गेल्या. लावली तं सुईले हुचक्या लागल्या. दसरू दुकानाच्या मागं जाऊन बसला. मीनं जाऊन पाह्यलं नाई. भाऊ रडून राह्यला असन तं मोठ्या भावानं पाहू नये.

तवापासून, म्हन्जे जवळजवळ आमची सारी जिंदगी, तो त्या व्हायोलिनले शोधून राह्यला. रेडिओवर कान लावून बसे. नागपूरले गेला तं रेकॉर्डच्या दुकानात जाऊन तोंडानं वाजवून दाखवे, दुकानदार हासत. तबकडीवरची अक्षरं बुरशीनं खाल्ली होती, नाव गाव काई उरलं नव्हतं. त्याचं लग्न झालं, पोरं झाली, नातवंडं झाली, बायको गेली. धून तो रोज वाजवे अन् रोज म्हने, "आज बी नाई सापडला."

दोन वर्षांपयले गोस्ट बिघडली. आमच्या घरी कुकरची शिट्टी झाली अन् दसरूनं मान वर केली नाई. माही बायको गुणाबाई म्हने, "दसरूभाऊ, भाताची शिट्टी झाली, चला जेवाले." तो म्हने, "कवा झाली?" मंग पोपटाईचा थवा डोक्यावरून गेला, सगळे वर पाहून राह्यले, हा मात्र सुपारी कातरून राह्यला. ज्याले देवानं चार कान देल्ले असं आमची माय म्हने, तो!

चांद्याच्या कानाच्या डाक्टरनं त्याले खोलीत बसवून आवाज ऐकवले. बाहेर येऊन सांगितलं का बारीक आवाज गेले. शिट्टी, पाखरं, लहान्या लेकराचं रडनं, गेलं. जाड आवाज अजून आहेत, मानसाचा आवाज, ढोल, जाड पट्ट्या. पन तेही हळू हळू जातीन. कानात मशीन लावून देल्ली. दसरूनं ती दोन दिवस लावली. म्हने, सारं गाव टिनाच्या डब्यात बसून बोलून राह्यलं आहे. काढून ठेवली ते ठेवली.

त्या दिवशी बस स्टँडवर त्यानं माहा हात धरला. माहा भाऊ कवाच काई मागत नाई. लहानपनी भाकरीचा तुकडाही मागे नाई. "भाऊ," म्हने, "हे कान बंद व्हाच्या आंधी ते व्हायोलिन एकदा ऐकाचं आहे. एकच बार. मंग जाऊ दे."

"बस, येवढंच?" मीनं म्हनलं. "मी आनून देतो."

घरी आल्यावर गुणाबाई म्हने, "स्वीडन कुठी आहे ते तरी माहीत आहे का तुमाले? जिवतीले जायचं म्हनलं तं रस्ता इचारता."

"माहा सायबासंग उठनंबसनं होतं," मीनं म्हनलं.

"साहेब मरून गेला असन आता."

"त्याचा देश तं नाई मेला."

दसरूची नात दिव्यानी मोहर्लीच्या गेटजवळ एका रिसॉर्टमध्ये रिशेप्शनवर बसते. वाघ पाहाले येनाऱ्या लोकाईसंग फाडफाड इंग्रजी बोलते. सुटीत घरी आली तवा मीनं तिले मोबाईलवर शोधाले लावलं. स्वीडनचं व्हायोलिन म्हनलं का मोबाईलमध्ये हजारो निघतेत. आठ दिवस आमी ऐकलं. जे जे पळनारं ते ते ऐकलं. मी दर बारी म्हनतो, "हेच होय," अन् दसरू मान हलवते. दिव्यानी म्हने, "मोठे आबाजी, तुमाले सगळंच तेच वाटते." तिनं आपल्या आबाजीले पेटी वाजवाले लावून मोबाईल त्याच्यापुढं धरला, का मोबाईलच ओळखून नाव सांगन. मोबाईल बी गप.

मंग उन्हाळ्यात तिचा फोन आला. "मोठे आबाजी, स्वीडनचे लोक आलेत. एक म्हातारी बाई आहे अन् तिचा पोरगा. उद्या दुपारी ते रिकामे आहेत. आबाजीले घेऊन या, घरची हातपेटी बी आना."

मीनं धुतलेलं धोतर नेसलं, दसरूले नवा सदरा घालून देल्ला. बसमध्ये पेटी मांडीवर ठेवून बसला, जशी नवरीची पेटी होय. रस्ताभर एकच इचारे, "भाऊ, माह्या कानाले समजन ना?" मी त्याच्या चांगल्या कानात ओरडून सांगे, "समजन!" कंडक्टर वळून वळून पाहे.

बाईचं नाव इंगेर. पांढरे केस, सत्तरीच्या वरची, पन काठी नाई का काई नाई. मीनं तिले दिव्यानीमार्फत सांगितलं का तुमच्या देशाच्या सायबासंग मीनं कारखाना उभा केला, अन् तो सगळ्यात जास्त मलेच मानत होता. ती हासली. मंग दसरूनं पेटी उघडली. मांडवातल्यासारखी, वरच्या पट्टीत, भरधाव धून वाजवली. माह्या भावाचा हात अजून असा आहे का डोळ्याले बोटं दिसत नाई.

संपली. बाईनं टाळ्या वाजवल्या. लय छान, म्हने. पन हे आमच्याकडचं नाई.

"नाई कसं?" मी उठून उभा राह्यलो. "सायबानं आपल्या हातानं देल्लं! दिव्यानी, सांग तिले, आपल्याच घरचं लेकरू कोनी ओळखत नाई का?"

"मोठे आबाजी, बसा ना."

"मी काऊन बसू? साठ वर्षं आमी सांभाळलं अन् या म्हनतेत आमचं नाई!"

दसरूले आमचं बोलनं अर्धंच ऐकू आलं, पन तोंडावरून समजलं. त्यानं पेटी बंद केली अन् बाईले नमस्कार केला. बाई अन् तिचा पोरगा आपल्या खोलीकडे गेले. आमी दोघं भाऊ बाहेरच्या पायरीवर बसलो, बस याले अजून वेळ होता. मी बडबड करून राह्यलो, का बाई शहरातली असन, तिले काय समजन. दसरू ऐकत नव्हता. बराच वेळ गेल्यावर त्यानं पेटी पुन्हा उघडली.

इथी एक सांगाचं राह्यलं. कान गेल्यापासून तो घरी वेगळं वाजवते. वरच्या पट्ट्या त्याले ऐकूच येत नाई, म्हून तो सारं उतरवून खालच्या जाड पट्ट्याईवर नेते. अन् हळू हळू वाजवते, एकेक सूर दाबून धरून, हा आला का कानात, हे पाहून मंग दुसरा. लोकाईपुढं असं नाई वाजवत, लाज वाटते. गुणाबाई म्हने, बुढ्यासंग धून बी बुढी झाली. त्या पायरीवर, आता कोनी ऐकनारं नाई असं समजून, तो तसाच वाजवाले लागला.

अर्धी झाली अन् मागून एका चपलेचा आवाज आला. इंगेर बाई अर्धी अनवानी होती, एक चप्पल पायात, एक हातात. खोलीतून तशीच निघून आली होती. दोन्ही हात तोंडावर. दसरूची पाठ तिच्याकडे होती, त्याले माहीतच नाई. तो एका ठिकानी थांबला, जिथी तो नेहमी थांबते, त्या दोन पट्ट्याईच्या मधात. अन् बाईनं आपल्या गळ्यातून तो मधातला सूर लावला अन् पुढची ओळ गुनगुनली. जाड आवाज होता तिचा. दसरूनं ऐकला. माहा भाऊ असा गर्रकन वळला का पेटीचा भाता हातातून सुटला.

"कोन?" म्हने. "कोन म्हनलं ते?"

दिव्यानी धावत आली. बाई भरभर बोलून राह्यली, दिव्यानी सांगून राह्यली. हे गानं तिच्या आजीच्या मुलखाचं. तिकडे बी जंगलच आहे. उन्हाळ्यात बाया गायी घेऊन डोंगरावर राहाले जात, मानसं खाली गावात, बाया वरती एकट्या. थंडी पडाच्या आंधी गायी घेऊन खाली उतराचं. उतराच्या दिवशीचं हे गानं. तिची आजी झोपडीले कडी लावे अन् मंग रस्ताभर मागं वळून पाहे नाई. मोठी लढाई, महायुद्ध, संपल्यावर रेडिओवाले गावोगाव जाऊन जुन्या व्हायोलिनवाल्याईचं वाजवनं भरून घेत, का हे बुढे मेल्यावर काय करावं. त्याच्यात हे बी भरलं होतं.

बाईच्या पोरानं मोबाईलमध्ये शोधलं. नाव माहीत असल्यावर काय, लगेच निघालं. व्हायोलिन सुरू झालं अन् मी म्हनलं, "हे? हे तं रडकं आहे. हे आपलं नोहे."

"थांबा मोठे आबाजी," दिव्यानी म्हने. तिनं मोबाईलवर काईतरी दाबलं अन् चाल वाढवली. दीडपट, मंग अजून थोडी. अन् मोबाईल पळाले लागला. तिथीच जेवनाच्या खोलीत वाढनारा सावली गावचा पोचू ताटं घेऊन चालला होता, तो थांबून हासला अन् म्हने, "अबे, सायबाची धून!"

 मले समजाले वेळ लागला, पन समजलं. गुलाबची मशीन एकाच चालीची. तबकडी हळू चालीची. मशीननं तिले पळवली. चाल वाढली तसा आवाजही बारीक झाला, पाखरासारखा. मूल गावातली ती एक मशीन पळाली अन् तिच्यामागं सारी झाडीपट्टी साठ वर्षं हासली. चुकी आमची नाई, मशीनची होय, हे मीनं बाईले लगेच सांगून टाकलं. सायबाले कोनी कळवत असन तं हे बी कळवजा.

"बंद कर ते," दसरू म्हने. "पयले होतं तसं लाव."

दिव्यानीनं चाल उतरवली अन् मोबाईल त्याच्या उजव्या कानाशी धरला. व्हायोलिन जाड होतं, कोनी छातीतून बोलते तसं. डाक्टरनं जे आवाज राह्यले म्हनले होते ना, नेमकं त्याच्यातलंच. त्यानं डोळे मिटले. त्याची बोटं गुडघ्यावर चालाले लागली, मंग थांबली. ती जागा आली होती. मले काई समजत नाई गान्यातलं, पन त्याचं तोंड मले समजते. असं तोंड मीनं त्याचं लहानपनी पाह्यलं होतं, माय बाजारातून घरी याची तवा.

"सापडला, भाऊ," म्हने.

त्यानं ते पुन्हा लावाले लावलं. मंग पुन्हा. इंगेर बाई त्याच्या बाजूच्या पायरीवर बसली, एका चपलेनिशी. बस निघून गेली, कोनी उठलं नाई. रिसॉर्टच्या मालकानं शेवटी आपली गाडी देल्ली, एवढा मान आहे माह्या भावाचा.

गाडीत मी खुशीत होतो. मीनं देल्ला शब्द पाळला होता. दसरू खिडकीतून बाहेर पाहून राह्यला होता.

"काऊन रे," मी त्याच्या कानात ओरडलो, "भेटलं ना तुले? आता काय राह्यलं?"

"भेटलं भाऊ. हे चांगलंच आहे. लय चांगलं आहे." मंग थोड्या वेळानं म्हने, "पन मी जिले शोधत होतो ती हे नोहे. ती पोरगी होती. हे तिची माय आहे."

"माय भेटली तं पोरगी बी भेटन."

"पोरगी बारीक आवाजाची," दसरू म्हने. "ती आता माह्यासमोर येऊन उभी राह्यली तरी मले ऐकू नाई येनार."

वारं लागत होतं, मीनं त्याच्या बाजूची काच वर केली. 

आता घरी त्याच्या मोबाईलमध्ये दिव्यानीनं ते भरून देल्लं आहे. रोज संध्याकाळी तो लावते अन् पेटीवर त्याची साथ करते. स्वीडन देशाच्या मेलेल्या व्हायोलिनवाल्याची साथ मूल तालुक्यात बसून करनारा दुसरा कोनी असन तं मले आनून दाखवा. गुणाबाई बी आता हासत नाई. दळन निवडता निवडता ऐकते अन् पदरानं डोळे पुसते, मी पाह्यलं तं म्हनते, मिरचीचा खार गेला. दर महिन्याले आवाज थोडा वाढवावा लागते. 

या हिवाळ्यात आमच्याच गावात नाटक ठरलं. मीनं कंपनीच्या मॅनेजरले सांगितलं का विनोदी पात्राले ती धून आता वाजवू नका. ते गानं घर सोडून जानाऱ्या बाईचं होय, त्याच्यावर हासनं बरं नाई. मॅनेजर तयारही झाला, लच्छूभाऊचा शब्द कोन मोडन? पन दसरूले समजलं अन् तो रागावला. जिंदगीत पयल्यांदा माह्यावर रागावला.

"लोकाईचं हासू काऊन बंद करतं, भाऊ? तिथी ती पोरगी नांदून राह्यली. नांदू दे."

मॅनेजरनं आमाले पुढच्या रांगेत खुर्च्या देल्ल्या. पडदा उघडला, तवा दसरू उठला अन् त्यानं आपली खुर्ची उलटी फिरवली. स्टेजकडे पाठ, लोकाईकडे तोंड. मागचे लोक कुजबुजाले लागले.

"लच्छूभाऊ, दसरूजी असे काऊन बसले? बुढा बयाडला का?"

"तुमी तुमचं नाटक पाहा," मीनं म्हनलं. "त्याचं नाटक वेगळं आहे."

मले बी समजलं नव्हतं, पन भावाची बाजू सोडता येत नाई. मीनं बी आपली खुर्ची फिरवली. दोघं भाऊ उलटे बसलो, साऱ्या गावापुढं. समोर ताडपत्रीवर बाया, लेकरं, मफलर गुंडाळलेले बुढे. सगळे आमच्या डोक्यावरून स्टेज पाहून राह्यले होते. दसरू एकेकाचं तोंड पाहून राह्यला होता.

मंग एका लेकराचे डोळे मोठे झाले. त्याच्या बाजूच्या बाईचा दात दिसला. मागची एक रांग हालली, तिच्या मागची हालली, अन् हासू धानाच्या बांधीतून वारं जाते तसं मागंपर्यंत गेलं. दसरूनं माह्या मनगटावर हात ठेवला.

"आली, भाऊ," म्हने.

माह्या पाठीमागं कीबोर्डवर ती पळून राह्यली होती, बारीक, चपळ. मले ऐकू येत होतं. त्याले दिसत होतं. तो असा बसला होता जसं कोनी फाट्यावर बसमधून उतरनाऱ्या मानसाकडे पाहते. किती वेळ गेला मले सांगता येनार नाई. मंग लोकाईची तोंडं शांत झाली, कोनी तंबाखू चोळाले लागलं, कोनी लेकराले दूध पाजाले लागलं.

"गेली," दसरू म्हने, अन् तसाच त्याईच्याकडे पाहत बसला.